संतापाचे भांडवल कोणाचे?

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने ‘न्यू मेटल’ नावाच्या कर्णकटू संगीतप्रकारावर लेख लिहावा, आणि तोही पक्षाच्या साप्ताहिकात, हे अनेक साथींना चमत्कारिक वाटेल. महागाई, कंत्राटी कामगारांचे प्रश्न, शेतमालाचे भाव असे विषय समोर असताना ही चैन कशाला, असेही कोणी विचारील. तथापि या लेखाचा विषय संगीताइतकाच भांडवलाचा आहे. एखादे गाणे जन्माला येण्यापूर्वी त्यासाठी पैसा कोण घालतो, गाणे तयार झाल्यावर त्याची मालकी कोणाकडे जाते, आणि तरुणांच्या मनातील संताप विकून जे वरकड मूल्य निर्माण होते ते कोणाच्या खिशात पडते, हे प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचे आहेत असे मला वाटत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका तक्रारीच्या निमित्ताने. माझे वास्तव्य वराळ्यात आहे. मावळातले, तळेगाव दाभाडे शहराला लागून असलेले हे गाव. एके काळी येथे भातखाचरे होती. आता महाविद्यालये, वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले येथे राहतात. काही अभियांत्रिकी शिकतात, काही तळेगाव-चाकणच्या औद्योगिक वसाहतींत प्रशिक्षणार्थी किंवा कंत्राटी म्हणून राबतात. माझ्या घरामागच्या खोलीतील तीन मुले रात्री अकराच्या सुमारास असे काही संगीत लावीत, की भिंतीवरच्या तसबिरी हलाव्यात. एका रात्री मी चप्पल पायात सरकवून तक्रार करण्यासाठी गेलो. मुलांनी आवाज लगेच कमी केला. त्यांतील एकजण म्हणाला, “चुकलं सर. पण एकदा बसून शब्द तरी ऐका. मग बंद करा म्हणालात तर बंद करू.”

मी बसलो. गाण्याचे नाव होते ‘गद्दार’. धर्माला राजकारणाच्या बाजारात उभे करणारे आणि माणसामाणसांत द्वेष पेरून सत्ता मिळविणारे हेच खरे गद्दार, असा त्या गाण्याचा आशय होता. जी गोष्ट आपण चाळीस-पन्नास वर्षे सभांतून, पत्रकांतून, शिबिरांतून सांगत आलो, ती ही मुले एका आरोळीतून घेत होती आणि ती त्यांना पाठ होती. आपल्या शेवटच्या शिबिराला आलेल्या तरुणांची संख्या मला त्या क्षणी आठवली, आणि मी तक्रार मागे घेतली.

हे गाणे ज्या अल्बममधील आहे त्याचे नाव ‘रक्षक’. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ या वाद्यवृंदाचा तो पहिला स्टुडिओ अल्बम, १८ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रकाशित झालेला. त्याच्याकडे येण्यापूर्वी या संगीतप्रकाराची थोडी कुळकथा सांगणे आवश्यक आहे, कारण ती अमेरिकेतील संगीत-उद्योगाच्या कुळकथेपासून वेगळी काढता येत नाही.

न्यू मेटलचा आरंभ साधारणपणे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॉर्न’ या वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमपासून मानला जातो. ही मुले कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डची. हॉलिवूडची झगमग ज्या प्रांतात आहे त्याच प्रांतातले हे शहर, पण तेलविहिरींचे आणि शेतीचे. जाड तारांच्या, खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारी, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून आलेल्या हिप-हॉपचा ठेका, आणि गाणे, पुटपुटणे, किंचाळणे यांची सरमिसळ अशी या संगीताची घडण. विषय मात्र प्रेमाचे किंवा पराक्रमाचे नव्हते. लहानपणी झालेले अत्याचार, शाळेतली छळणूक, मोडलेली घरे, आपण कोणालाच नको आहोत ही भावना, असे ते विषय होते. कार्ल मार्क्सने ज्याला परात्मता म्हटले ती कारखान्याच्या दारातून घरात शिरली, घरातून मुलांच्या मनात शिरली, आणि तेथून किंकाळी होऊन बाहेर पडली, असे मला हे संगीत ऐकताना वाटले. त्या मुलांना तो शब्द ठाऊक होता की नाही, हा प्रश्न गौण आहे.

परंतु त्या किंकाळीला बाजारात भाव आहे हे ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले. ऑक्टोबर २००० मध्ये ‘लिंकिन पार्क’ या वाद्यवृंदाचा ‘हायब्रिड थिअरी’ हा पहिला अल्बम वॉर्नर ब्रदर्सने काढला. अनेक कंपन्यांनी या मुलांना आधी नाकारले होते. करार झाल्यावरही कंपनीतील काही मंडळींनी त्यांच्यातील रॅप म्हणणाऱ्या माइक शिनोडाला बाजूला सारण्याचा आग्रह धरला, असे या कलावंतांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. मुले हटली नाहीत. अल्बम निघाला, आणि अमेरिकेतच त्याच्या एक कोटी वीस लाख प्रतींच्या बरोबरीची विक्री २०२० पर्यंत प्रमाणित झाली. बाजाराला आपला ग्राहक कळतो, हा सिद्धान्त पाठ्यपुस्तकात शोभून दिसतो. प्रत्यक्षात, पुढे ज्या मालाने तिजोऱ्या भरल्या त्यातला अर्धा भाग कंपनीचे जाणकार आधी काढून टाकायला निघाले होते.

येथे पहिल्या अल्बमचे अर्थशास्त्र थोडे उलगडून पाहिले पाहिजे. गाणे रचायला पोटाला अन्न आणि हाताला वेळ लागतो. ते ध्वनिमुद्रित करायला जागा, यंत्रे आणि कसबी माणसे लागतात. जाहिरात आणि वितरण लागते. यांतले काहीच नवशिक्या कलावंतापाशी नसते. मग कंपनी पुढे येते आणि आगाऊ रक्कम देते. ही रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे. कलावंताच्या वाट्याला जे स्वामित्वशुल्क यावयाचे असते त्यातून ती आधी वळती करून घेतली जाते. ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा त्याच खाती पडतो. आणि वळती होऊन गेल्यावरसुद्धा मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी सामान्यतः कंपनीकडेच राहते.

ही व्यवस्था समजावून घेण्यासाठी आपल्या वाचकांना अमेरिकेला जाण्याची गरज नाही. बीडचा ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून जी उचल घेतो ती आठवावी. कोयता चालू होण्याआधीच श्रमाचा सौदा झालेला असतो आणि हंगाम संपला तरी पुष्कळदा उचल फिटत नाही. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या तेथे ठरतात. त्या फडांतील कलावंतही हंगामाआधी उचल घेऊनच पायांत चाळ बांधतात. उसाच्या फडात काय, तमाशाच्या फडात काय आणि लॉस एंजलिसच्या ध्वनिमुद्रणगृहात काय, तत्त्व एकच आहे. ज्याच्यापाशी आजची भाकरी नाही त्याचा उद्याचा घाम आज स्वस्तात विकत घेतला जातो.

आता ‘रक्षक’कडे येऊ. ब्लडीवुडची सुरुवात २०१६ च्या सुमारास झाली. त्यातील करण कटियार हा तरुण वकिलीची नोकरी सोडून संगीताकडे वळला. लोकप्रिय चित्रपटगीते आणि पॉप गाणी घेऊन त्यांना मेटलचा पेहराव चढवायचा आणि ती इंटरनेटवर टाकायची, हा त्यांचा आरंभीचा, काहीसा थट्टेचा उद्योग होता. गायक जयंत भदुला त्याला येऊन मिळाला. २०१८ मध्ये राउल केर हा इंग्रजीत रॅप म्हणणारा तरुण आला. थट्टा मागे पडली आणि स्वतःची गाणी सुरू झाली. २०१९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील वाकेन येथील जगप्रसिद्ध मेटल महोत्सवात त्यांनी गाणी सादर केली. त्यानंतर अडीच-तीन वर्षांनी त्यांचा पहिला अल्बम आला, आणि तो कोणत्याही कंपनीविना त्यांनी स्वतःच प्रकाशित केला.

दहा गाण्यांचा हा अल्बम आहे. हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा त्यात एकमेकींत मिसळतात. गिटारींच्या गडगडाटात ढोल वाजतो, मधूनच बासरी येते. पण मला त्याचा ताळेबंद अधिक महत्त्वाचा वाटतो. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी कटियारने स्वतः सांभाळली. पॅट्रिऑन नावाच्या सोयीचा आधार त्यांना होता. या सोयीद्वारे श्रोते कलावंताला दरमहा आपल्या ऐपतीप्रमाणे थोडीथोडी वर्गणी पाठवितात. कोणी एका सावकाराने दिलेली उचल नाही, तर विखुरलेल्या असंख्य माणसांनी दिलेली चिमूट चिमूट, अशी त्या आधाराची जात होती. ‘जी वीरे’ हे निराशेने ग्रासलेल्यांना धीर देणारे गाणे काढताना त्यांनी काही श्रोत्यांसाठी विनामूल्य समुपदेशनाची सोयही केली. मूळ मालकी हातात असलेला कलावंत असे निर्णय कोणाला न विचारता घेऊ शकतो.

हे वाचताना मावळातील साथींना एक जुनी गोष्ट आठवली असेल. वराळ्यापासून हाकेच्या अंतरावर, तळेगावात, १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अगदी साधी होती. दर माणशी दर साल एक पैसा. तो गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करायचे. लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला बळ दिले, परदेशात काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याला लाभले, आणि भट्टी पेटली. एका पैशाने काय होणार, असे म्हणणारे शहाणे तेव्हाही होते. त्या पैशाने केवळ काच निघाली असे नाही. तेथे कारागीर घडले आणि देशात ठिकठिकाणी उभ्या राहिलेल्या काच-कारखान्यांना त्या कसबाचा उपयोग झाला. मोठे भांडवलदार ज्या वाटेला जात नव्हते त्या वाटेवर सामान्य माणसांच्या पैशाने पहिला दिवा लावला.

योगायोग असा की त्याच १९०८ साली ग्रामोफोन कंपनीचा तबकड्या तयार करण्याचा कारखाना कलकत्त्यात सुरू झाला. तिच्या माणसांनी १९०२ मध्ये हिंदुस्थानात येऊन गौहर जानसारख्या गायिकांचे आवाज मुद्रित केले होते, आणि तोवर तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरहून बनून येत होत्या. कंठ हिंदुस्थानचा, कारखाना परक्यांचा आणि नफा लंडनला, हा कापसाच्या गाठींना लागू असलेला वसाहतवादी हिशेब गाण्यालाही लागू झाला. पुढील सुमारे सात दशके या देशातील ध्वनिमुद्रणावर त्या कंपनीची जवळजवळ मक्तेदारी राहिली. एका बाजूला एकेका पैशाचा फंड आणि दुसऱ्या बाजूला साम्राज्याचे भांडवल, अशा दोन वाटा या देशाने एकाच वर्षी पाहिल्या. आपण काचेसाठी फंड उभारला. गाण्यासाठी उभारला नाही.

मक्तेदारी मोडण्याचा पहिला मोठा प्रसंग आला तो १९८० च्या दशकात, कॅसेटच्या रूपाने. स्वस्त कॅसेटमुळे तबकडीच्या दारात कधी उभे न राहिलेले आवाज घराघरांत पोचले. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांची भीमगीते आणि लोकगीते चहाच्या टपरीवर, एस. टी. स्थानकावर, वस्तीच्या चौकात वाजू लागली. हा लोकशाहीचा मोठा विस्तार होता. परंतु त्याच लाटेवर स्वार होऊन नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि पाहता पाहता त्यांतील एक-दोन स्वतःच मक्तेदार बनल्या. गाणे लिहिणारा आणि त्याला चाल लावणारा, दोघेही एकरकमी पैसे घेऊन सर्व हक्क लिहून देत राहिले. ही लूट अंशतः तरी थांबविण्यासाठी संसदेला २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वशुल्कातील समान वाटा त्यांना निर्मात्याच्या किंवा कंपनीच्या नावे लिहून देता येणार नाही असे ठरविले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी नेटाने बाजू मांडली होती. गरजू माणसाची सही ही स्वतंत्र इच्छेने केलेली सही नसते, हे कामगार कायद्यातील जुने तत्त्व कलावंतालाही लागू करावे लागले, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

तंत्रज्ञान मक्तेदारी मोडते, आणि मोडलेल्या जागी नवी मक्तेदारी उभी राहते. ‘रक्षक’ ज्या काळात निघाला तो स्ट्रीमिंगचा काळ आहे. कंपनीविना गाणे जगापुढे ठेवता येते हे खरे, पण ते ठेवण्याचे फलाट मूठभर कंपन्यांच्या मालकीचे आहेत. तेथील वाटपाची रीत अशी. सर्व सभासदांची वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका हौदात जमा होते. फलाटाचा वाटा वजा झाल्यावर उरलेला पैसा एकूण ऐकण्यापैकी ज्याचे गाणे जितके ऐकले गेले त्या प्रमाणात हक्कधारकांत वाटला जातो. म्हणजे माझ्या शेजारच्या मुलाने महिनाभर केवळ एकाच छोट्या वाद्यवृंदाची गाणी ऐकली, तरी त्याची वर्गणी त्या वाद्यवृंदाला मिळत नाही. ती हौदात जाते आणि तिचा बहुतांश जगातील बड्या नावांकडे वाहतो. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असा नियम केला, की मागील १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला काहीच मोबदला नाही. आपल्या दूध संकलन केंद्राने अर्धा लिटर घालणाऱ्या शेतकऱ्याचे दूध घ्यावे, पण त्याचे खाते न मांडता त्याचा पैसा मोठ्या गोठेवाल्यांत वाटावा, तसा हा प्रकार आहे. सहकारी दूध संस्थेत असे घडले असते तर वार्षिक सभेत खुर्च्या उडाल्या असत्या. येथे सभाच नाही. कारण गाणारा सभासद नाही, केवळ पुरवठादार आहे.

आणि आता या कहाणीतील सर्वांत बोधप्रद भाग. ब्लडीवुडचा दुसरा अल्बम ‘न्यू दिल्ली’ मार्च २०२५ मध्ये आला. तो त्यांनी स्वतः प्रकाशित केला नाही. अमेरिकेतील ‘फीअरलेस रेकॉर्ड्स’ या कंपनीने तो काढला, आणि ही कंपनी ‘कॉन्कॉर्ड’ या आणखी मोठ्या समूहाच्या मालकीची आहे. हे समजले तेव्हा शेजारच्या खोलीत वादावादी झाली. एकजण म्हणाला, “विकले गेले, सर.” मला तसे म्हणणे अन्यायाचे वाटते. जगभर दौरे करायचे तर व्हिसा, प्रवास, वाद्ये आणि माणसे यांवर प्रचंड खर्च होतो. त्या कराराचा मसुदा आपण पाहिलेला नाही, आणि मालकीचा किती भाग त्यांनी राखला असेल याबद्दल तर्क करणे योग्य नाही. ज्या समाजाने कलावंतासाठी दुसरे कोणतेही दार उघडे ठेवलेले नाही, त्याने तो उघड्या दाराने आत गेला म्हणून त्याला दोष द्यावा हे बरे नव्हे. ऊसतोड कामगाराने उचल घेतली म्हणून आपण त्याला फितूर म्हणत नाही. आपण मुकादमशाहीला पर्याय शोधतो.

पहिला अल्बम धाडसाच्या आणि स्नेह्यांच्या वर्गणीच्या बळावर निघू शकतो, हे ‘रक्षक’ने सिद्ध केले. दुसरा, तिसरा आणि दहावा अल्बम त्याच बळावर निघायचा असेल तर धाडसाच्या जोडीला संस्था लागते. पैसा फंडातही नुसता पैसा नव्हता. फंड होता, त्याचा हिशेब होता, तो सांभाळणारे विश्वस्त होते, आणि एका पिढीचे कसब दुसऱ्या पिढीला देणारी भट्टी होती. पॅट्रिऑनवरील वर्गणीदार हे एकेका कलावंताचे चाहते असतात. ते एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यांची वर्गणी गोळा करणारे यंत्रसुद्धा एका खासगी कंपनीचेच असते. पैसा जमतो, पण त्यातून सामाईक मालमत्ता उभी राहत नाही. प्रत्येक नवा वाद्यवृंद पुन्हा शून्यापासून आरंभ करतो.

आता आपल्याच घरातील काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की हे परकीय संगीत आहे आणि निव्वळ गोंगाट आहे. संवादिनीही परकीयच होती. युरोपातून आलेल्या त्या पेटीला आकाशवाणीने दीर्घकाळ प्रवेश नाकारला, पण आमच्या शाहिरांनी आणि कलापथकांनी तिला खांद्यावर घेतली आणि ती मराठी झाली. गोंगाटाविषयी म्हणाल, तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख यांचा पहाडी आवाज आणि अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा डफ दिवाणखान्यात बसणाऱ्यांना गोंगाटच वाटत होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखी माणसे पुढे आली तीही काही अभिजनांच्या पसंतीने नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला बव्हंशी मान्य आहे. या संगीतातील संताप बहुधा व्यक्तीचा असतो, वर्गाचा नसतो. ‘रक्षक’मधील अनेक गाणी ऐकणाऱ्याला सांगतात की उठ, खचू नकोस, स्वतःवर विश्वास ठेव. हे वाईट नाही. परंतु ज्याचे प्रशिक्षणार्थी म्हणून तिसरे वर्ष चालू आहे आणि ज्याला कायम करण्याचा कारखान्याचा विचारच नाही, त्याची अडचण आत्मविश्वासाच्या अभावाची नाही. २०२० च्या डिसेंबरात तळेगावच्या मोटार कारखान्यातील उत्पादन थांबले आणि शेकडो कायम कामगार रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्या मनोबलात काही उणे नव्हते. तसेच ‘दना दन’ हे गाणे. स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धचा त्यातील त्वेष खरा आहे, पण त्याचे उत्तर ठोसा हे आहे. कायदा, पोलीस यंत्रणा, कुटुंबातील सत्ता यांचा विचार ठोशात मावत नाही. अशा त्वेषाला दिशा मिळाली नाही तर तो जमावाच्या हाती लागण्याचा धोका असतो, हे आपण अलीकडच्या वर्षांत पुरेसे पाहिले आहे.

पण ही दिशा देणार कोण? गाण्यात वर्गविचार नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्यापैकी कितीजण गेल्या दहा वर्षांत वीस वर्षांच्या मुलाशेजारी त्याचे गाणे ऐकण्यासाठी बसले? आणीबाणीनंतरच्या दिवसांत माझ्यासारखी मुले चळवळीत आली ती आधी पुस्तके वाचून नव्हे, आधी गाणी ऐकून. विचार नंतर आला, गाण्याने केवळ सतरंजीवर जागा करून दिली. ती सतरंजी आपण कधी गुंडाळून ठेवली ते आपल्यालाही आठवत नाही. रिकाम्या जागेत बाजार आला, आणि द्वेषाचे डीजेही आले. त्याही परिस्थितीत दिल्लीच्या काही मुलांनी स्वतःच्या हिमतीवर द्वेषाविरुद्ध गाणे काढले, हे त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.

म्हणून काही सूचना करतो. पहिली, तालुक्याच्या ठिकाणी तरुण कलावंतांची एखादी सहकारी संस्था उभी करता येईल का, याचा विचार व्हावा. आज एक बऱ्यापैकी संगणक, दोन ध्वनिग्राहक आणि भिंतींना गोधड्या लावलेली एक खोली एवढ्यावर ध्वनिमुद्रण होऊ शकते. आपल्या ताब्यातील कितीतरी कार्यालये आठवड्यातील पाच दिवस कुलूपबंद असतात. दुसरी, गाणे कोणाच्याही हाती देण्यापूर्वी करार कसा वाचावा, २०१२ च्या दुरुस्तीने कोणता हक्क दिला आहे, काय लिहून द्यावे आणि काय देऊ नये, याचे मार्गदर्शन आपल्या वकील साथींनी करावे. कामगाराला वेतनचिठ्ठी वाचायला शिकविणारी चळवळ गाणाऱ्याला करार वाचायला शिकवू शकते. तिसरी, या मुलांनी काय गावे हे आपण सांगू नये. आपण त्यांना कारखान्याच्या दाराशी, धरणग्रस्तांच्या गावी, ऊसतोड कामगारांच्या कोपीत घेऊन जावे. गाणे काय करायचे ते त्यांचे ते ठरवतील.

शेजारच्या खोलीतील मुले सध्या स्वतःची गाणी रचीत आहेत. भाषा मराठी आहे, परभणीकडची आणि जळगावकडची मिसळलेली. एक गाणे ‘ओटी’वर आहे, म्हणजे कारखान्यातील जादा वेळेच्या कामावर, ज्याचा पैसा वेळेवर मिळत नाही. अजून ते कच्चे आहे आणि ठेक्यात अडखळते. ध्वनिमुद्रणासाठी त्यांना पैसे हवे होते. मोबाइल गहाण ठेवून कोणाकडून तरी उचल घेण्याचा बेत चालला होता. मी त्यांना पैसा फंडाची गोष्ट सांगितली. तळेगावात इतकी वर्षे राहून ती त्यांना ठाऊक नव्हती, आणि सांगायला आम्ही कोणी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी पाचशे रुपये वर्गणी दिली आणि पावती मागितली. मुले हसली. “सर, तुमच्याकडून पावती काय फाडायची?” मी म्हटले, “फाडायचीच. ज्या फंडाची पावती नसते तो फंड टिकत नाही. आणि पावतीवर क्रमांक घाला, म्हणजे दुसरा वर्गणीदार शोधावा लागेल.”

पावती क्रमांक एक माझ्या टेबलावर आहे. क्रमांक दोन कोणाचा असेल, हा प्रश्न मी मावळातील साथींपुढे ठेवीत आहे.